एकविसावी जोडी

जुनी वर्तमानपत्रं वाचू नयेत. डॉक्टरांनी माझं मीठ बंद केलं, तेव्हाच हेही बंद करायला सांगायला हवं होतं.

पण पारसचा फोन आला. पारस म्हणजे धुळ्याच्या 'दैनिक पांझराकाठ'चा मालक. त्याच्या आजोबांनी, चंपालालशेठनी, हा पेपर काढला आणि मी त्यांचा पारोळ्याचा वार्ताहर म्हणून एकतीस वर्षं घासली. आता वय अडुसष्ट, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, आणि बातमी म्हटलं की जांभई येते. हे मी पारसला सांगितलं. तो म्हणाला, "नाना, बातमी नकोच आहे. जुन्या बातम्यांची गंमत हवी आहे. पेपरला पन्नास वर्षं होताहेत. 'पाव शतकापूर्वी' असं सदर करू. पंचवीस वर्षांपूर्वीचा एक दिवस निवडा, त्या दिवसाचे मथळे घ्या आणि लोकांना हसवा."

"लोक आजचे मथळे वाचून हसतातच की," मी म्हटलं.

पण घरी बसून तरी काय करत होतो? एप्रिलच्या उन्हात एसटीने धुळ्याला गेलो. पेपरच्या कचेरीत मागच्या बाजूला जुन्या फायलींची खोली आहे. तिथला पंखा फिरतो, वारा देत नाही. नव्याण्णव सालच्या फायलीची शिवण एका जागी उसवली होती, ती तिथेच उघडली. सोमवार, १९ एप्रिल १९९९. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, दुसरा दिवस. निवड झाली. एवढ्या उन्हात याहून जास्त निवड माझ्याने होत नाही.

पहिल्या पानावर वरच 'देश पुन्हा निवडणुकीच्या उंबरठ्यावर'. दिल्लीतलं सरकार दोनच दिवस आधी एका मताने पडलं होतं. देश तेव्हा उंबरठ्यावर होता, आजही आहे. आत जावं की बाहेर पडावं, याचा निर्णय काही होत नाही. त्याखाली 'पारा ४४ अंशांवर, रस्ते ओस'. ही बातमी तारीख बदलून आज छापली तरी कुणाला पत्ता लागणार नाही. 'केळीचे भाव कोसळले' हीसुद्धा तशीच. 'पाणीप्रश्न वर्षभरात निकाली', असं एका पुढाऱ्याने हार गळ्यात असताना सांगितलं होतं. पुढारी गेले, हार वाळला, वर्ष अजून चालूच आहे. 'महामार्गाचे चौपदरीकरण लवकरच'. खोटं कशाला बोलू, झालं ते. फक्त 'लवकरच' या शब्दाला एक पिढी खर्ची पडली.

आतल्या पानावर 'दोन हजार साली संगणक बंद पडणार? तज्ज्ञांत मतभेद'. त्या वेळी आमच्या कचेरीत एकच संगणक होता. त्याच्या खोलीत जाताना आम्ही चपला बाहेर काढायचो आणि रोज एक जण त्याच्यावरचं फडकं झटकायचा. तो दोन हजार साल यायच्या आधीच बंद पडला, मतभेद न होता. त्याच पानावर 'एरंडोलजवळ ट्रक उलटला, अज्ञात इसमांनी टरबुजे लांबवली'. ही बातमी माझी. अज्ञात इसमांपैकी एक जण मीच होतो. दोन आणली होती, एक कच्चं निघालं.

इथवर मला मजा येत होती. मग तिसऱ्या पानावर तळाशी आलो. 'पारोळ्यात सामुदायिक विवाह सोहळा उत्साहात संपन्न. एकवीस जोडपी विवाहबद्ध'. खाली 'आमच्या वार्ताहराकडून'. म्हणजे माझ्याकडून. त्याखाली एकवीस नवऱ्या आणि एकवीस नवरदेवांची नावं, ओळीने.

ही बातमी कशी व्हायची ते सांगायला हवं. त्या काळी तालुक्याच्या वार्ताहराने बातमी कागदावर लिहायची, पाकिटात घालायची आणि एसटीच्या कंडक्टरच्या हातात द्यायची. धुळ्याच्या स्टँडवर आमचा शिपाई उभा असायचा, तो पाकीट काढून घ्यायचा. पारोळ्याहून आमच्या सोयीची बस दुपारी साडेतीनची. आता लग्न संध्याकाळी साडेपाचला आणि बस साडेतीनला, तर माणसाने काय करायचं? लग्न साडेतीनच्या आत लावायचं. पत्रिकेवरून नावं उतरवायची, 'उत्साहात संपन्न' लिहायचं आणि पाकीट बंद. सगळे वार्ताहर हेच करायचे. म्हणूनच आमच्या खानदेशात एकही कार्यक्रम कधी निरुत्साहात झाला नाही. व्याख्याता आला नाही तरी त्याने मोलाचे विचार मांडलेलेच असायचे.

एकवीस लग्नं मी बसल्या जागी लावली आणि मग घरी जाऊन ताणून दिली, हा विनोद मी बऱ्याच ठिकाणी सांगितला आहे. लोक हसतात. त्यातलं एक लागलंच नव्हतं, हे मात्र कधी सांगितलं नाही.

मला ते दुसऱ्या दिवशी चौकात कळलं. एकविसावा नवरदेव आलाच नव्हता. झुलाल रामा वाघ. लग्नाच्या तीन दिवस आधी त्याने सुरतेची गाडी धरली होती आणि त्याच्या बापाने ही गोष्ट मुहूर्तापर्यंत पोटात ठेवली होती. मी तसाच धुळ्याला चंपालालशेठकडे गेलो. म्हटलं, शुद्धिपत्रक छापू. शेठ चष्मा पुसत म्हणाले, "अभिमन, एकदा शुद्धिपत्रक छापलं की लोक रोज शोधायला लागतात." विषय मिटला. मलाही तो मिटायलाच हवा होता.

आता पारस माझ्या खांद्यावरून वाचत होता. तो एकदम ओरडला, "नाना, म्हणजे यांच्या लग्नाला आता पंचवीस वर्षं! एकवीसच्या एकवीस जोडप्यांचा सत्कार करू. साडी, शाल, नारळ. जाहिरातदार उड्या मारतील!"

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण पंचवीस वर्षं मिटलेलं तोंड लगेच कामाला येत नाही, आणि वाटलं, कोण येतंय मरायला एवढ्या उन्हात. गप्प बसलो. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक चुका मी काही करून केलेल्या नाहीत, बसून केलेल्या आहेत.

चार दिवसांनी पेपरात चौकट आली. जुन्या बातमीचा फोटो, सगळी नावं, 'या एकवीस भाग्यवान जोडप्यांनी संपर्क साधावा', सत्कार एकवीस एप्रिलला, आणि खाली माझा मोबाइल नंबर. शिवाय त्या दिवशीच्या अंकात ज्या कुणाचं नाव आलं असेल त्यानेही फोन करावा, असं पारसने हौसेने घातलेलं.

पहिला फोन शिंदखेड्याकडच्या कौतिक नावाच्या म्हाताऱ्याचा. "पेपरवाला नाना का? मनी म्हैस दवडेल व्हती. तुमना पेपरमा छापेल व्हतं. सापडनी का?"

मी म्हटलं, "भाऊ, पंचवीस वरीस व्हयनात."

"ते शे. पन फोन करा म्हनीसन लिखेल शे ना, म्हनीसन इचारं."

मग जोडप्यांचे फोन सुरू झाले. एकाने विचारलं, बायकोला न आणता आलं तर चालेल का. एका बाईने विचारलं, साडी आधी बघायला मिळेल का, कारण लग्नातली फारच पातळ निघाली होती. मी सगळ्यांना हो म्हणत होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी एका बाईचा फोन आला. आवाज शांत, बोलणं शहरी.

"अभिमन नाना निकम बोलताहेत का? मी जळगावहून हेमलता बोलते. तुमच्या बातमीतली एकविसावी. तुम्ही माझ्याकडे येऊन जा. मी बोलावतेय असं नका समजू. तुम्हाला यावंच लागेल."

पारोळा ते जळगाव, टळटळीत उन्हात, एसटीच्या मागच्या सीटवर. माणूस म्हातारा झाला की त्याला शिक्षा वेगळी द्यावी लागत नाही, प्रवास पुरतो.

पत्ता एका मुलींच्या वसतिगृहाचा निघाला. हेमलता तिथली रेक्टर. चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षांची, कडक इस्त्रीची साडी, गळ्यात मंगळसूत्र. मी दारातच त्या मंगळसूत्राकडे बघितलं आणि तिने मला बघताना बघितलं. आत नेलं, पाणी दिलं. तिची खोली म्हणजे एक पलंग, एक कपाट, खिडकीत तुळशीची कुंडी. कपाटातून तिने प्लास्टिकमध्ये बंद केलेलं एक कात्रण काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. माझीच बातमी. एकविसाव्या ओळीखाली पेनाची रेघ.

"हे माझं लग्न," ती म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं. नवरदेव आला नाही, त्यानंतर गावात राहणं अवघड झालं. महिन्याभराने मावशीच्या ओळखीने ती जळगावला आली. या वसतिगृहात स्वयंपाकात मदतीला बाई हवी होती. वसतिगृह सायरबाईंच्या ट्रस्टचं. सायरबाई म्हणजे मोठ्या व्यापारी घरातल्या, मनाने चांगल्या, पण नियमाच्या पक्क्या. मुलींच्या वसतिगृहात राहणारी बाई लग्न झालेलीच हवी, हा त्यांचा पहिला नियम. त्यांनी विचारलं, लग्न झालंय का? एकोणीस वर्षांच्या हेमलताने पिशवीतून पेपर काढून दाखवला. नवरा कुठे आहे? सुरतेला.

"यात खोटं काय होतं सांगा," ती म्हणाली. "पेपरात लग्न होतं. आणि तो सुरतेला होताच."

खानदेशात निम्म्या घरांतला एक तरी माणूस सुरतेला असतो. कुणी पुढे विचारलं नाही. ती शिकली, मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली, मदतनिसाची रेक्टर झाली. दर दिवाळीत चार दिवस ती "सुरतेला जाऊन यायची". खरंच जायची. ताप्ती लाइनच्या गाडीने जायची, स्टेशनजवळच्या धर्मशाळेत राहायची, तापीच्या पुलावर संध्याकाळी हिंडायची, आणि येताना नवऱ्याने घेतलेली म्हणून साडी आणायची.

"त्याला कधी भेटलात?" मी विचारलं.

"त्याला कशाला भेटू? माझा नवरा वेगळा होता."

मला हसू आलं. तिलाही आलं, पण दमलेलं.

"नाना, हा माणूस मी पंचवीस वर्षं सांभाळलाय. त्याची मिल बंद पडली, मी त्याला दुसरीकडे लावला. त्याचा पाय मोडला, मी बसवला. करोनात त्याला दवाखान्यात ठेवावं लागलं, कारण सगळ्यांचेच नवरे आजारी होते आणि माझाच ठणठणीत कसा? तर इथल्या मुलींनी त्याच्यासाठी उपास धरले. नऊ दिवस पोरी फराळावर. त्या दिवसांत मला जेवण गेलं नाही. आता मला त्याचा कंटाळा आलाय, खऱ्या नवऱ्याचा येतो तसाच. पण खऱ्याला सोडायला कोर्ट आहे. याला सोडायला कुठे जाऊ?"

आणि त्यात आमची चौकट आली. वसतिगृहात आमचा पेपर येतो. हर्षिता नावाच्या एका मुलीने नावांची यादी वाचली आणि मॅडमचं नाव ओळखलं. झालं. मुलींना आनंद मावेना. मॅडमच्या लग्नाची पंचविशी! काका सुरतेहून येणार! गाडी ठरली, हार सांगितले, सायरबाईंना निमंत्रण गेलं. सायरबाई आता शहाऐंशी वर्षांच्या, तरी म्हणाल्या, मी येणार, जावयाला एकदा बघायचंय.

"म्हणून तुम्हाला बोलावलं," हेमलता म्हणाली. "तुम्हीच लग्न लावलंत. आता पुढचं सांगा. ही खोली सोडून मला दुसरं घर नाही. भाऊ गावची जमीन विकून पुण्याला गेला, त्याला माझा फोन नंबरही माहीत नाही. उद्या सायरबाईंनी जा म्हटलं तर ही कुंडी घेऊन मी कुठे उभी राहू?"

मी घाम पुसला. माझ्या डोक्यात जे आलं ते अगदी माझ्यासारखंच होतं. म्हटलं, "बेटा, असं करू. कामाच्या व्यापामुळे सुरतहून येऊ शकले नाहीत, असं छापतो. दोन ओळी. मिटून जाईल."

तिने कात्रण उचलून मांडीवर घेतलं. मला वाटलं, आता ही चिडणार. चिडली असती तर बरं झालं असतं.

"नाना, एक सांगा," ती म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही मांडवात आला असता, तर काय लिहिलं असतं?"

"वीस जोडपी विवाहबद्ध."

"आणि माझं नाव?"

मी खरं ते सांगितलं. "आलं नसतं. जे होत नाही त्याची बातमी करत नाही आम्ही."

"मग तुम्ही झोपलात ते बरंच झालं म्हणायचं," ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यामुळे मला जास्तच लागलं.

आणि मग एकतीस वर्षांच्या नोकरीत जे मी क्वचित केलं, ते त्या दिवशी केलं. खिशातली वही काढली आणि विचारलं, "साडेपाचला मांडवात काय झालं?"

ती बोलायला लागली, आणि बोलता बोलता तिची शहरी भाषा गळून गावची अहिराणी आली. "वीस जन व्हतात, मना एकलीनाच नवरदेव नव्हता. भटजीनी इचारं, हिना कोठे शे? कोनी बोलं नही. माय मान खाले घालीसन बसनी. बठ्ठासना मंगलाष्टक व्हयनात, मी हातमा हार लिसन उभी. दोन तास. मंग एक बाई उनी, म्हने, उभी ऱ्हाईसन काय करस, पंगत बसनी शे, वाढाले हात कमी पडी ऱ्हायनात. बादली दिधी मना हातमा. नवरीनी साडी नेसेल, हळद लागेल, आन मी वीस नवऱ्यास्ले बुंदी वाढी, नाना. त्यास्ना नवरदेवस्ले बी वाढी. माले कोनी म्हनं नही, तू बस, तू खा."

मी लिहीत होतो. पंचवीस वर्षांपूर्वी त्या वेळी मी घरी पंख्याखाली झोपलो होतो, याचं मला त्या खोलीत बसून फार वाईट वाटलं. इतकं वाईट मला बऱ्याच वर्षांत कशाचंच वाटलं नव्हतं.

तिने पदराने तोंड पुसलं आणि पुन्हा शहरी भाषेत आली. "हे छापा."

मी घाबरलो. "नोकरी? खोली?"

"तुम्ही त्या वेळी घाबरला नाहीत. आता कशाला घाबरता?"

"नाव घालू?"

"घाला. निदान या वेळी विचारलंत."

तरी मी म्हटलं, दोन दिवस विचार कर, मग फोन कर. दोन दिवसांनी तिचा फोन आला. ती म्हणाली, "मुली त्याच्यासाठी शेरवानीचं माप मागताहेत. नाना, आज द्या ते छापायला."

धुळ्याला जाऊन मी लेख पारसच्या टेबलावर ठेवला. वर सगळे मथळे होते, पुढारी, पाणी, संगणक, टरबुजं. पारस हसत हसत वाचत होता. शेवटच्या परिच्छेदाला त्याचं हसू थांबलं. तो परिच्छेद मी जुन्या बातमीसारखाच लिहिला होता:

'पारोळा, दि. १८ एप्रिल १९९९ (आमच्या वार्ताहराकडून): येथे सामुदायिक विवाह सोहळ्यात वीस जोडपी विवाहबद्ध झाली. एकविसावी वधू हेमलता मंगा सोनवणे ही हातात हार घेऊन दोन तास उभी होती. वर झुलाल रामा वाघ हा आला नाही. त्यानंतर तिने नवरीच्या साडीतच पंगतीला बुंदी वाढली. तिला कोणी जेवायला बसवले नाही. आमचा वार्ताहर तेथे हजर नव्हता. तो घरी झोपला होता. एकवीस जोडपी विवाहबद्ध झाल्याची बातमी त्याने लग्नाच्या दोन तास आधीच पाठवली होती. ती खोटी होती.'

"नाना, हे हसवणारं सदर आहे," पारस म्हणाला.

"मग वरचं वाचून हसायला लाव."

"सत्काराचं काय? एकवीस साड्या आल्यात."

"वीस जोडपी आहेत, पारस. मोजायला मी आता तरी शिकलोय."

तो पेनाशी खेळत बसला. जाहिरातदार, आजोबांचं नाव, पन्नास वर्षं, हे सगळं त्याच्या तोंडावर दिसत होतं. शेवटी म्हणाला, "आजोबांनी तेव्हाच दोन ओळी का नाही छापल्या?" मी शेठचं ते वाक्य सांगितलं. पारसला हसू आलं नाही. त्याने लेख उचलला आणि स्वतः आत नेऊन दिला. सही करून एक शब्द न कापता लावायला सांगितलं. त्या घराण्यातल्या कुणाला मी पहिल्यांदाच मनातून नमस्कार केला.

एकोणीस तारखेला, शुक्रवारी, लेख आला. सकाळी सातला मी हेमलताला फोन केला. उचलला नाही. आठला केला, नाही. नऊनंतर फोन बंदच लागायला लागला. लोकांचे फोन मात्र येत होते. नाना, टरबुजाचं भारी लिहिलंय. मी एकेकाला तोडत होतो. माझ्या डोळ्यांसमोर ती हातात तुळशीची कुंडी घेऊन रस्त्यावर उभी होती. एका मुलीचं आयुष्य मी एकदा न बघता लिहिलं, आणि आता बघून लिहिलं तर तिचं घरच काढून घेतलं. दहाची बस पकडली. एरंडोल आलं, गेलं, मला कळलंही नाही.

वसतिगृहाच्या फाटकाशी पोहोचलो. भिंतीवर रेक्टरच्या नावाची पाटी होती, आणि एक पेंटर स्टुलावर चढून ती खरवडत होता. 'सौ. हेमलता' एवढी अक्षरं गेलेली होती. 'झुलाल वाघ, रेक्टर' राहिलं होतं, त्यावर त्याची लोखंडी पट्टी चालली होती. मी फाटकाचा गज धरून उभा राहिलो. म्हटलं, झालं. नाव पुसलं. सायरबाईंनी दुपारसुद्धा होऊ दिली नाही.

"नाना? उन्हात कशाला उभे राहिलात?"

हेमलता आतून येत होती. गळा मोकळा. डोळे सुजलेले, पण साडीची इस्त्री तशीच कडक. मागे व्हरांड्यात सात-आठ मुली उभ्या होत्या. काहींचे डोळे लाल झालेले.

"सायरबाई..." मी पाटीकडे बोट दाखवलं.

"सकाळी सहालाच आल्या. पेपर हातात घेऊन. पाऊण तास मला वाटेल ते बोलल्या. खोटारडी म्हणाल्या, पंचवीस वर्षं मला फसवलंस म्हणाल्या. मी ऐकून घेतलं. बरोबरच होतं त्यांचं." ती पाटीकडे बघत होती. "मग जाताना दारात थांबल्या. म्हणाल्या, पेंटर पाठवते. परक्या माणसाचं नाव माझ्या भिंतीवर नको. तुझं लाव."

मी अडुसष्ट वर्षांचा माणूस, मुलींसमोर, फाटकात उभा राहून रडलो. लाज वाटली नाही.

पेंटरने शेवटचं 'वाघ' खरवडलं, पाटीवर पांढरा हात मारला, कपाळावरचा घाम पुसला आणि खाली बघून विचारलं, "ताई, अक्षर आधी होतं तेवढंच काढू ना?"

हेमलताने पाटीकडे नीट बघून घेतलं.

"नाही दादा, मोठं काढा," ती म्हणाली. "आता जागा आहे."